धामणवाले मास्तर

मेलेला साप हातात घेतला की ते आधी त्याचं तोंड पुसायचे. खिशातला रुमाल थुंकीनं ओला करायचे आणि सापाच्या ओठांवरची माती, रक्त हळूच टिपून घ्यायचे, जेवून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं. मग चष्मा कपाळावर चढवून ते तोंड डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचे. भोवती माणसं उभी असायची. कोणी रडत असायचं, कोणी "मास्तर, लवकर सांगा ना जी" म्हणत घायकुतीला आलेलं असायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "थांबा. आधी तोंड बघू, मग घाबरू."

मी तेव्हा बालाघाटला सरकारी दवाखान्यात नर्स होते. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. खेड्यातून साप चावलेला माणूस आला की त्याच्यासोबत साप मारून पोत्यात घालून आणायची लोकांची रीत. आमचे डॉक्टर जबलपूरकडचे, भले गृहस्थ, पण साप म्हटलं की दोन पावलं मागं सरकायचे. "अरे, मास्टरजी को बुलाओ" म्हणून वॉर्डबॉयला सायकलवर पिटाळायचे. वर्ग चालू असला तरी हे खडू टाकून निघायचे.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लालबर्‍याकडची एक बाई खाटेवर घालून आणली होती तेव्हा. तिनं डोळे फिरवलेले, हातपाय गार, वाचा बसलेली. सासरचे दारातच गळे काढून बसले होते. यांनी पोत्यातून साप काढला, तोंड पुसलं, पाहिलं आणि खाटेजवळ जाऊन म्हणाले, "माय, धामण आहे ही. विष नसतं हिला. ऊठ."

बाईनं एक डोळा उघडला. "पक्कं?"

"पक्कं. तुझ्यापेक्षा तीच जास्त भ्यालेली असेल."

बाई उठून बसली, पदर सावरला आणि नवर्‍याला म्हणाली, "म्हैस कोनी बांधली काय?" सगळा व्हरांडा हसला. मास्तर हसले नाहीत. ते त्या मेलेल्या धामणीकडे पाहत होते. "बिचारी उगाच गेली," एवढंच म्हणाले, आणि ती रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

ते मूळचे वर्धेकडचे. वडील सरकारी नोकरीत इकडे आले. पुढं राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ एकीकडे गेला, बालाघाट दुसरीकडे राहिलं, आणि हे लोकही इथंच राहिले. उंच, जरा वाकलेले, बोटांना कायम फॉर्मलिनचा वास. आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भाड्याचं घर होतं. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायची. काकूंची एकच तक्रार होती, की लोणच्याच्या बरण्या घरात टिकत नाहीत. एक एक करत कॉलेजात जातात आणि त्यांत साप भरले जातात. "आता कैर्‍या काय ह्यांच्या टोपीत मुरवू?" असं त्या मला विचारायच्या.

आमच्या घरी ते सहज येऊन बसत, जे पुढं येईल ते खात. त्या काळी आमच्या वस्तीत त्यांच्या समाजाचा माणूस असा येऊन जेवत नसे. एकदा माझ्या वडिलांनी विचारलं, "साहेब, तुमच्या लोकांत बोलतील ना?" ते म्हणाले, "मी सापांच्या जाती लावतो. खवले मोजतो, दात बघतो, मग सांगतो ही वेगळी, ती वेगळी. माणसांत असं काही मोजायला मला अजून सापडलेलं नाही." वडील त्यानंतर कितीतरी दिवस हे वाक्य येणार्‍या-जाणार्‍याला ऐकवत होते.

धामण आणि तिचे नातलग हा त्यांचा विषय. तस्कर, धूळनागीण, असे बिनविषारी साप पुस्तकांतून कधी या घरात तर कधी त्या घरात टाकलेले असतात, कोण कोणाचं सख्खं आणि कोण चुलत याचा नीट निवाडा झालेला नाही, असं ते सांगायचे. त्यांना एक शंका होती. वर बैहरच्या डोंगरातल्या सालवृक्षांच्या जंगलातली धामण आणि खाली आमच्या धानाच्या बांध्यांतली, म्हणजे शेतांतली, धामण ही एकच की दोन? पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी, ओठांवरचे खवले, शेपटीची लांबी, सगळं ते ताडून पाहत होते. मला त्यातलं फार कळत नव्हतं. पण ते सांगू लागले की वाटायचं, कोणा हरवलेल्या कुटुंबाचा पत्ता शोधताहेत.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं.

दवाखान्यात येणार्‍या मेलेल्या धामणी पाहून पाहून त्यांना राहवेना. लोक दिसेल तो साप मारतात, आणि धामण चावली तरी भीतीनं अर्धे मरतात. दोन्ही थांबवायचं त्यांनी मनावर घेतलं. कटंगीच्या बाजारात, लालबर्‍याला, हट्ट्याला, जिथं आठवडी बाजार भरेल तिथं ते जिवंत धामण गळ्यात घालून बैलगाडीवर उभे राहू लागले. "रंग बघू नका, रंग फसवतो. तोंड बघा. हा मोठा गोल डोळा बघा. ओठांवर ह्या शाईनं ओढल्यासारख्या उभ्या काळ्या रेघा बघा. ही धामण. तुमच्या धानातले उंदीर खाते. हिला मारू नका." बाया पदर तोंडाला लावून बघायच्या. पुरुष आधी लांबून, मग जवळून. काही महिन्यांनी लोक हात लावू लागले.

त्यांचा सर्वांत पक्का चेला म्हणजे माझा आतेभाऊ सुखदेव. कटंगीच्या रस्त्यावरचं गाव, दुसर्‍याच्या बांध्यांत मजुरी, घरी बायको शेवंता आणि दोन लेकरं. सुखदेव आधी सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेऊन बसायचा. मास्तरांनी त्याच्या हातात धामण दिली त्या दिवशी तो मला सांगायला मुद्दाम दवाखान्यात आला. "बाई, मी धरली! थंडीगार असते वो, लुगड्यासारखी." त्यांच्या गावात कोठीत धामण निघाली तर लोक मारेनासे झाले. हाकलून देत, नाहीतर राहू देत. मास्तरांच्या आयुष्यातलं ते सुखाचं वर्ष. काकू म्हणायच्या, लग्नातसुद्धा ह्यांचा चेहरा एवढा फुललेला नव्हता.

मग कटंगीच्या बाजारात कातडीचा दलाल आला.

बाहेरगावचा माणूस, पांढरा पायजमा, बोलायला गोड. त्याला धामणीचीच कातडी हवी होती. लांब, सारखी, नक्षीची. परदेशात जोडे आणि पिशव्या होतात म्हणे. दिवसभर धानाची रोवणी करून मिळत नसे ते एका चांगल्या कातड्याला मिळू लागलं. आणि धामण धरायची भीती तर लोकांची आधीच गेलेली होती.

मास्तरांना हे कळलं त्या बाजाराच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. आत्याकडे निघाले होते, बस एकच. बाजाराच्या टोकाला फळ्यांवर खिळे ठोकून कातडी उन्हात वाळत घातलेली होती, ओळीनं, चिंचेच्या झाडापासून पार विहिरीपर्यंत. मास्तर जागीच उभे राहिले. एका म्हातारीनं त्यांना ओळखलं. ती लगबगीनं पुढं आली, पाया पडली आणि हात धरून त्यांना फळ्यांपाशी घेऊन गेली.

"पाहा मास्तर! समद्या धामनीच हायेत. एकबी चुकली नाही. तोंड पाहून पाहूनच धरल्या. तुमीच तं शिकवलं."

ती इतक्या कौतुकानं सांगत होती की त्यांना तिच्यावर रागावताही येईना. त्यांनी फक्त विचारलं, "डोकी कुठं आहेत?"

"डोस्की कायले पाह्यजे? दलाल घेत नाही ना. तिकडं फेकली."

ते तिथंच खाली बसले. मला वाटलं, ऊन लागलं. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कातड्यांवरच्या खवल्यांच्या ओळी मोजू लागले. एकावरून दुसर्‍या फळीवर, दुसरीवरून तिसर्‍या. "सिस्टर, ह्या सगळ्या खालच्या आहेत, धानातल्या. ह्या संपल्या तर मला ताडून बघायला काही उरणार नाही." असं म्हणत ते मोजत राहिले. लोक जमले, एकमेकांना कोपरानं ढोसू लागले.

त्यानंतर त्यांनी काय नाही केलं? तहसीलीत गेले, जंगल खात्याच्या साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, साप मारू नये असा कायदाच नाही तर मी कोणाला धरू? दलालाचे पाय धरले. त्यानं यांना खुर्ची दिली, थंड पाणी पाजलं, आणि "गुरुजी, गरीब के पेट पे लात मत मारो" म्हणाला. गावागावांत जाऊन हात जोडले. उंदीर माजतील, धान खातील, असं सांगितलं. लोक माना डोलवायचे. खोटं आहे असं कोणी म्हणत नव्हतं. पण उंदीर येतील ते पुढच्या साली, आणि चूल आज पेटवायची होती.

शेवटी त्यांनी जे केलं ते मी लालबर्‍याच्या बाजारात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच बैलगाडीवर उभे राहून ते म्हणाले, "लोकहो, माझं चुकलं होतं. नव्यानं शोध लागला आहे. धामण विषारी असते. हात लावू नका."

मागून कोणीतरी हसलं, आणि बाजारभर हसू पसरलं. "मास्टरजी, गले में तो तुम ही डालते थे!" गर्दीत सुखदेवही होता. तो पुढं आला, त्यांना हात देऊन खाली उतरवलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तुमाले खोटं बोलता येत नाही. कायले बोलता?"

"मग तू तरी सोड रे हे धरणं."

सुखदेव खाली पाहू लागला. "लेकराईले शाळेत टाकलं ना, मास्तर. एवढी दोन वर्सं जाऊ द्या."

त्याच वर्षी धानाची कापणी झाल्यावरची गोष्ट. दुपारी मी ड्रेसिंगच्या खोलीत होते. कटंगीच्या बसमधून दोघांनी सुखदेवला खांद्यावर टाकून आणलं. पापण्या मिटल्या जात होत्या, तो बोटांनी उचलून धरत होता. बोलणं जड झालं होतं, तरी मला पाहून हसायचा प्रयत्न केला. "काही नाही बाई, धामनच हाये. हे लोक उगाच घेऊन आले."

सोबतच्यांनी सांगितलं ते असं. बांधाच्या बिळात त्याला शेपूट दिसली. तपकिरी, गुळगुळीत. त्यानं आत हात घातला आणि हाताला चावा बसला. ओढून काढत त्यानं कुदळीनं डोकं ठेचलं. धामणी तर त्याला रोजच चावायच्या, त्याचं त्याला काही नव्हतं. त्यानं हात धोतराला पुसला आणि पुढच्या बिळाकडे गेला. डोळे मिटायला लागले तेव्हा लोक घाबरले. तो घाबरला नव्हता. त्यानंच साप पोत्यात घालायला लावला. मास्तरांना दाखवू म्हणाला.

डॉक्टरांनी वाट पाहिली नाही, लगेच विषावरची सुई दिली. तोवर मास्तर आले. पोत्यातून साप काढला. डोक्याची एक बाजू चेंदा झालेली, एक शाबूत होती. त्यांनी रुमालानं ती बाजू पुसली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. ओठांवर रेघा नव्हत्या. गळ्याखाली पोटावर काळे पट्टे होते. नाग होता.

सुखदेवनं डोळे बोटांनी उघडून धरले होते. "धामनच हाये ना, मास्तर?"

मास्तरांनी साप पोत्यात ठेवला, पोत्याचं तोंड बंद केलं आणि त्याच्या उशाशी येऊन बसले. "हो," ते म्हणाले. "धामणच आहे. भिऊ नकोस."

"मंग ठीक हाये," सुखदेव म्हणाला. त्यानं बोटं काढून घेतली. पापण्या मिटल्या.

श्वास थांबू लागला तेव्हा मी आणि वॉर्डबॉयनं आळीपाळीनं छाती दाबून, हात वर-खाली करून श्वास चालू ठेवायचा प्रयत्न केला. डॉक्टर घामानं भिजले होते. आणखी एक सुई दिली, आणखी एक. ऊन व्हरांड्यातून उतरायच्या आत तो गेला. मास्तर त्याचा हात धरून बसले होते. तो सोडवून घ्यायला मला त्यांची बोटं एक एक करून उचलावी लागली.

माती दिल्यानंतर दुसर्‍या दिवशी ते सुखदेवच्या घरी गेले. मी म्हटलं, इतक्यात नका जाऊ. ऐकलं नाही. अंगणात भिंतीला फळ्या टेकवलेल्या होत्या, त्यांवर दोन कातडी अजून ताणलेलीच होती. शेवंता दारात बसली होती. रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. हे अंगणात उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तो पहिले भ्यायचा," ती म्हणाली. "साप म्हटलं का घरात पळून यायचा. मी हासत होती त्याले. तुमी त्याची भीती काढली. भेला असता तं धावत दवाखान्यात गेला असता. भेला असता तं आज असता."

आत्या तिला गप्प करायला धावली. मास्तरांनी हातानं आत्याला थांबवलं. शेवंताचं बोलून होईपर्यंत ते उभे होते. मग आम्ही निघालो. बांधावरून चालताना ते एकदम थांबले आणि म्हणाले, "तिचं बरोबर आहे, सिस्टर. मी त्यांना ओळख शिकवली. भीती काढून घेतल्यावर तिच्या जागी काय ठेवायचं, ते मला शिकवता आलं नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्ही तोंड बघा म्हणत होता. बिळात हात घाला असं नव्हतं सांगितलं." त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा बाजारात उभे राहिले. या वेळी गळ्यात काही नव्हतं. गाडीवरही चढले नाहीत, जमिनीवरूनच बोलले. "कोणताही साप असो, लांब राहा. बिळात हात घालू नका. चावला तर कोणता म्हणून पाहत बसू नका, दवाखाना गाठा. भ्या." बाजारामागून बाजार एवढंच. या वेळी कोणी हसलं नाही. सुखदेवची गोष्ट सगळीकडे पोचली होती. लोकांनी धामणी धरणं सोडलं आणि पहिल्यासारखं मारणं सुरू केलं. कोठीत साप दिसला की काठी, मग तो कोणताही असो. मास्तरांना ते दिसत होतं. आपण हे बोललो की काय होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी बोलत राहिले. दवाखान्यात साप आला की येत, पाहत, नाव सांगत. धामण निघाली तर आता "ऊठ" म्हणत नसत. डॉक्टरांच्या कानात सांगून निघून जात.

जंगलातली आणि धानातली धामण एक की दोन, हे लिहायचं राहूनच गेलं. एकदा काकूंनी मला घरी बोलावून घेतलं. मास्तर कॉलेजातून एक बरणी घेऊन आले होते आणि जेवणाच्या पाटावर ठेवून तिच्यासमोर बसले होते. काकू म्हणाल्या, "सकाळपासून जेवले नाहीत. तू तरी बोल." मी जवळ बसले. ते म्हणाले, "खालची ही एकच धड उरली. बाकीच्यांची तोंडं ठेचलेली. एकीवरून काही सांगता येत नाही, सिस्टर." आणि बरणी उचलून परत ठेवायला निघाले. काकूंनी त्यांना दारातच अडवलं आणि आधी चार घास खायला लावले. मला वाटतं, त्या बाईनंच त्यांना जगवलं.

नंतर काही वर्षांनी ते वेळेआधीच नोकरी सोडून नागपूरला भावाकडे गेले. छाती दुखायची. आम्ही बसस्टँडवर सोडायला गेलो, माझे वडीलही आले. ते वडिलांच्या गळ्यात पडून रडले. मोठा माणूस असा रडताना मी दवाखान्यातही कमी पाहिला होता.

पुढं काकूंचं कार्ड आलं. ते गेले होते. झोपेतच, फार त्रास न होता, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

त्या साली कापणीनंतर मी कटंगीला आत्याकडे गेले होते. बाजारात शेवंता भेटली. लसूण विकायला बसली होती. पोरगं मोठं झालं होतं, मॅट्रिकला होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग लसणाच्या पाकळ्या उगाच इकडून तिकडं करत तिनं विचारलं, "बाई, मास्तर बिमार हायेत काय?"

मी चकित झाले. मास्तरांचं नाव तिच्या तोंडून मी सुखदेव गेल्यापासून ऐकलं नव्हतं. "काहून विचारतेस?"

"ह्या साली आले नाहीत ना."

"कुठं आले नाहीत?"

"घरी. दरसाली येत होते, तो गेला त्या दिवशी. नागपूरहूनबी आलते. अंगनात उभे राह्यचे थोडा वेळ, आन् जायचे. बोलत काही नव्हते. मीबी बोलली नाही. ह्या साली मी दिसभर दारातच बसून होती. आले नाहीत."

मी तिला सांगितलं. बाजाराचा गलका चालू होता. समोर एक गिर्‍हाईक लसणाचा भाव विचारत उभं होतं. शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"एवढ्या सालात," ती म्हणाली, "मी त्याईले एकदाबी बसा म्हटलं नाही."